साठ हजारांचं पाकीट आणि रक्तातला आकडा

बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर वसलेलं आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैत, सूर्य या शहराच्या बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा भर मध्यान्ही माणसाची सावली जेमतेम त्याच्या उंचीएवढी पडते. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण जमिनीवर पोचायला सूर्याची एवढी उंची पुरते. तरीही रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंत कुठूनही 'फुल बॉडी चेकअप' करून आलेल्या माणसाच्या हातातला कागद पाहावा, तर ड जीवनसत्त्वासमोरचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असण्याची शक्यता मोठी.

यात बडोद्याचं वेगळेपण काही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २५ ते ३५ वयाच्या अकराशेहून अधिक निरोगी तरुण-तरुणींचं रक्त तपासून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या सुमारे ७० टक्के जणांची पातळी दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली निघाली. दिल्लीत, तिरुपतीत, पुण्यात झालेल्या तपासण्यांनी कमीअधिक फरकाने हेच सांगितलं. मग पुढचा क्रम ठरलेला असतो. डॉक्टर साठ हजार युनिटचं पाकीट लिहून देतात, आठवड्याला एक, आठ आठवडे. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं जातं, आकडा तिशीच्या वर गेलेला दिसतो आणि घरातले सगळे निश्चिंत होतात.

रक्तातला आकडा वाढवणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. गोळी घेतली की तो वाढतो. तो कोणाचा वाढवायचा, किती वाढवायचा आणि किती काळ टिकवायचा, हे ठरवणं अवघड आहे, आणि नेमकं तेच ठरवण्याचं काम आपल्या शहरांनी लॅबच्या छापील तक्त्यावर सोडून दिलं आहे. परिणामी ज्यांची गरज थोडी त्यांच्या तपासण्या वारंवार होतात, आणि ज्या तान्ह्या बाळाला रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब हवे असतात त्याच्या घरी त्या थेंबांची बाटली अनेकदा पोचतच नाही.

हा आकडा नेमका कशाचा, ते आधी पाहायला हवं. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. त्यावर यूव्हीबी किरण पडले की त्याचं ड३ बनतं. गोळीतूनही बहुधा तेच ड३ पोटात जातं. ते स्निग्धात विरघळणारं असल्याने जेवणाबरोबर घेतलेलं अधिक चांगलं शोषलं जातं. पुढे यकृत त्याला एक रासायनिक जोड देतं आणि २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व तयार होतं. लॅब मोजते ते हेच. शेवटची पायरी मूत्रपिंडात होते. तिथे बनणारं कॅल्सिट्रिऑल हे खरं काम करणारं रूप. आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला तेच लावतं. पण त्याचं आयुष्य काही तासांचं, आणि शरीर त्याच्यावर करडी नजर ठेवतं. साठा बराच घटला तरी कॅल्सिट्रिऑलचं प्रमाण ठीक दिसू शकतं, म्हणून साठ्याचा अंदाज घ्यायला ते उपयोगी पडत नाही. यकृतातलं रूप मात्र रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं. शिवाय यकृताच्या या पायरीवर शरीराचं नियंत्रण सैल असतं. जेवढं ड जीवनसत्त्व येईल, त्यातल्या बऱ्याचशा भागाचं रूपांतर होतं. गोळी घेतली की रिपोर्टमधला आकडा इतक्या आज्ञाधारकपणे वर जातो, त्याचं कारण हे आहे.

किती वर जातो, याचा एक ढोबळ हिशेब डॉक्टर वापरतात. रोजच्या शंभर युनिटमागे पातळी साधारण पाऊण ते एक नॅनोग्रॅमने वाढते. समजा, दांडिया बाजारातल्या एका आजींची पातळी ८ आहे आणि त्यांना रोज दोन हजार युनिट सुरू झाले. तीन महिन्यांनी ती तेवीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान कुठेतरी असावी. तीन महिने यासाठी की, दोन-तीन आठवड्यांनी निम्मा होणारा पदार्थ नव्या पातळीवर स्थिरावायला एवढा वेळ घेतोच. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा रक्त तपासून 'अजून तेवढंच आहे' म्हणत मात्रा वाढवणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आणि कधीकधी त्याहून वाईट.

हा हिशेब सरळ रेषेत मात्र चालत नाही. पातळी तळाशी असेल तर पहिले काही नॅनोग्रॅम भराभर वाढतात, वर गेल्यावर चढण मंदावते. वजनाचाही मोठा परिणाम होतो. ड जीवनसत्त्व चरबीत मुरतं, त्यामुळे स्थूल माणसाच्या रक्तात तीच गोळी कमी दिसते. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांना दुप्पट ते तिप्पट मात्रा सुचवली होती. फेफऱ्याची काही औषधं आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन यांमुळे शरीर ड जीवनसत्त्व लवकर मोडून टाकतं. म्हणून एकाच घरातल्या नवरा-बायकोने एकाच दिवशी तीच पाकिटं सुरू केली आणि दोघांचे आकडे वेगळे आले, तर औषध बनावट होतं असं लगेच समजण्याचं कारण नाही.

औषधाच्या दर्जाकडे दुर्लक्ष मात्र होऊ नये. दिल्लीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये भारतीय बाजारातल्या ड जीवनसत्त्वाच्या तयार औषधांची तपासणी केली, तेव्हा काहींमध्ये वेष्टनावर लिहिल्यापेक्षा फारच कमी तर काहींमध्ये बरंच जास्त जीवनसत्त्व सापडलं होतं. बडोद्यातल्या अलेम्बिक या औषध कंपनीची स्थापना १९०७ साली झाली, त्याला आता शतक उलटून गेलं. इतका काळ औषधं बनवत आलेल्या बडोद्याने तरी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. वेष्टनावरचा आकडा आणि आतला आकडा एक असणं, ही कुठल्याही उपचाराची पहिली अट आहे.

आता त्या साठ हजारांच्या पाकिटाकडे वळू. आठवड्याला साठ हजार म्हणजे रोजचे सरासरी साडेआठ हजार युनिट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजची शिफारस ठेवली ती ६०० युनिटची. त्यामुळे हे पाकीट रोजच्या गरजेसाठी नाही, रिकामा साठा भरून काढण्यासाठी आहे. ते हे काम किती चोख करतं आणि नंतर काय होतं, हे दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रविंदर गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी तपासलं. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान होता, अवघ्या २८ जणांचा, पण प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर असावा असा. या लोकांची सुरुवातीची सरासरी पातळी ५ नॅनोग्रॅमच्या आसपास होती. आठ आठवडे साठ हजारांची मात्रा दिल्यावर ती सुमारे ३३ वर पोचली.

आणि एका वर्षानंतर? सुमारे १०.

या दोन आकड्यांमधला उतार बारकाईने पाहायला हवा. ढोबळ हिशेबाने रोजच्या साडेआठ हजार युनिटांनी पातळी साठहून अधिक वाढायला हवी होती, ती अठ्ठावीसने वाढली. म्हणजे मोठ्या मात्रेला सरळ गुणाकार लागू पडत नाही. आणि कोर्स संपल्यावर शरीराने जमवलेलं सगळं काही महिन्यांत खर्च झालं, कारण त्या माणसांचं जगणं होतं तसंच राहिलं. सकाळी बंद गाडीतून ऑफिस, दिवसभर ट्यूबलाइट, संध्याकाळी अंधारात घर. ऊन वाढलं नाही, आहार बदलला नाही, रोजची छोटी मात्रा कोणी सुरू केली नाही. पातळी परत तिथेच गेली जिथे हे जगणं तिला ठेवू शकत होतं. भरपाईच्या कोर्सनंतर महिन्याला एक पाकीट, म्हणजे रोजचे सरासरी दोन हजार युनिट, किंवा रोजची छोटी गोळी चालू ठेवायची असते. चिठ्ठीवर हा दुसरा भाग लिहिलेला असतो तेव्हाही रुग्ण तो सोडून देतात, कारण त्यांच्या लेखी औषधाचा कोर्स पूर्ण झालेला असतो. डॉक्टरांनी यावर पाच मिनिटं जास्त बोलावं, एवढी मागणी अवाजवी नाही.

शाकाहारी घरांत आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि बडोद्यात तो फार महत्त्वाचा आहे. ड३ हे बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनवतात. ते चालत नसेल तर यीस्ट किंवा अळिंबीपासून बनणारं ड२ मिळतं. दोन्ही एकसारखी नाहीत. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाने हिवाळ्यातले बारा आठवडे तीनशेहून अधिक गोऱ्या आणि दक्षिण आशियाई स्त्रियांना फळांच्या रसातून किंवा बिस्किटातून रोज १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० युनिट दिले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. ड३ घेणाऱ्यांची पातळी सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, ड२ घेणाऱ्यांची सुमारे ३३ टक्क्यांनी. लोकर चालणार नाही म्हणणाऱ्या माणसाच्या श्रद्धेचा आदर ठेवून डॉक्टरने एवढं सांगायलाच हवं की ड२ घ्यायचं तर ते रोज घ्या आणि महिन्याच्या एका मोठ्या मात्रेवर विसंबू नका. शेवाळासारख्या दगडफुलापासून बनवलेलं ड३ही आता मिळतं, पण ते महाग पडतं.

मग किती आकडा पुरेसा? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हाडांच्या आरोग्याचा पुरावा चाळून २०११ मध्ये सांगितलं की २० नॅनोग्रॅम ही जवळजवळ सर्वांना पुरणारी पातळी आहे. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने ३० ही रेषा आखली; २१ ते २९ म्हणजे अपुरं. लॅबच्या तक्त्यांनी दुसरी रेषा उचलली. या एका निवडीमुळे २४ पातळीचा माणूस एका मोजमापाने निरोगी आणि दुसऱ्याने रुग्ण ठरतो. २०२४ मध्ये त्याच एंडोक्राइन सोसायटीने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० ची ती रेषा स्वतःच मागे घेतली. निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, असंही तिने स्पष्ट म्हटलं. ज्या संस्थेच्या शब्दावर हा तक्ता छापला गेला तिनेच तो मागे घेतल्यावर, आपल्या गावातल्या रिपोर्टवर तो तसाच राहणं योग्य नाही. लॅबचालकांनी तो बदलावा. शिवाय नुसती चाचणीची पद्धत बदलली तरी त्याच रक्ताचा आकडा काही नॅनोग्रॅमने इकडेतिकडे होतो. १९ आणि २१ यांच्यातला फरक अनेकदा यंत्रांमधला असतो.

सर्वांत मोठा प्रश्न यापुढचा आहे. आकडा वाढला, पण माणूस अधिक निरोगी झाला का? गेल्या दहा-बारा वर्षांत याचं उत्तर शोधायला प्रचंड खर्च झाला. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ जणांनी भाग घेतला. निम्म्यांना रोज दोन हजार युनिट दिले आणि पाच वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. कर्करोग आणि हृदयविकाराचं प्रमाण घटलं नाही. २०२२ मध्ये आलेल्या पुढच्या विश्लेषणात हाडं मोडण्याचं प्रमाणही घटलेलं दिसलं नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांना रोज चार हजार युनिट देऊन पाहिले. दोन वर्षांत त्यांची पातळी २८ वरून ५४ वर गेली, तरी मधुमेह टाळण्यात ठोस फरक पडला नाही. ही २०१९ ची गोष्ट. मधुमेहाने घेरलेल्या गुजरातला हा निकाल कळायला हवा, कारण 'साखर वाढू नये म्हणून' डी घेणारे लोक इथे भेटतात.

या निष्कर्षांवर एक आक्षेप रास्त आहे: या चाचण्यांतले बहुतेक लोक मुळात फार कमतरतेचे नव्हते. व्हायटलमधल्यांची सुरुवातीची सरासरीच तिशीच्या घरात होती. ज्याच्या पोटात आधीच जेवण आहे त्याला ताट वाढून भूक भागल्याचा परिणाम मोजता येत नाही, हे खरं. पण मंगोलियातली चाचणी या आक्षेपातून सुटते. उलानबातरच्या ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला चौदा हजार युनिट किंवा नकली गोळी दिली. जवळजवळ सगळ्या मुलांची पातळी २० च्या खाली होती, सरासरी बाराच्या आसपास. गोळी मिळालेल्यांची पातळी ३१ वर गेली, बाकीच्यांची अकराजवळ राहिली. क्षयाच्या जंतूंचा संसर्ग मात्र दोन्ही गटांत सारखाच झाला. खरी कमतरता, मोठी वाढ, आणि तरी ज्यासाठी हा खटाटोप केला ते साधलं नाही.

यावरून कुणी 'ड जीवनसत्त्व म्हणजे थोतांड' असा निष्कर्ष काढला तर तो तितकाच चुकीचा ठरेल, आणि त्याची किंमत लहान मुलांना मोजावी लागेल. मुडदूस हा खरा आजार आहे. पाय वाकतात, मनगटं जाडावतात, दात उशिरा येतात, मूल उशिरा चालतं. रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलं तर आचके येतात. ड जीवनसत्त्व जगाला कळलं तेच मुडदुसाच्या शोधात, आणि या शोधातला एक महत्त्वाचा दुवा महाराष्ट्रातला आहे. १९२०च्या सुमारास हचिसन नावाच्या डॉक्टरने नाशिक भागात मुडदुसाची पाहणी केली आणि शाह या सहकाऱ्याबरोबर १९२२ मध्ये ती क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडली. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू हिंदू-मुसलमान घरांत मुडदूस आणि हाडं मऊ पडण्याचा आजार आढळत होता. ज्यांचं जेवण त्याहून निकृष्ट होतं, पण ज्या बायका लेकरांना घेऊन दिवसभर उन्हात राबत होत्या, त्यांच्यात तो फारसा नव्हता. युरोपात तेव्हा मुडदूस अन्नामुळे की अंधारामुळे, यावर जोराचा वाद चालू होता. नाशिकच्या वाड्यांतून त्याला स्पष्ट उत्तर मिळालं: बंद दारं. स्टेरॉल आणि जीवनसत्त्वांच्या नात्याचा उलगडा करणाऱ्या अडोल्फ विंडाउस यांना १९२८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट.

हाच फरक नंतर पुन्हा पुन्हा दिसला. दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हिवाळ्यात मैदानावर कवायत करणाऱ्या जवानांची पातळी सुमारे १९ होती, तर त्याच शहरातल्या, त्याच ऋतूतल्या रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांची तीनच्या आसपास. पुण्यात डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांमध्ये २०१० मध्ये पाहिलं की बाहेर खेळणाऱ्यांपेक्षा दिवसभर खोलीत राहणाऱ्या मुलांत मुडदुसाचं प्रमाण कितीतरी अधिक होतं. बडोद्यातल्या जुन्या मराठी वाड्यांना चौक होता, ओसरी होती. धान्य वाळवणं, पापड घालणं, न्हाऊ-माखू घातलेल्या बाळाला उन्हात नेणं हे सगळं तिथे होत असे. गोत्री-वासणाच्या फ्लॅटमध्ये ऊन येतं ते खिडकीच्या काचेतून, आणि काचेतून यूव्हीबी किरण जवळजवळ येतच नाहीत. दिवसभर खिडकीशी बसूनही त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही.

'मग उन्हात बसा' हा सल्लाही वाटतो तेवढा सोपा नाही. बाळाला कोवळ्या उन्हात न्यायची आपली पद्धत प्रेमळ आहे, पण कोवळ्या उन्हात यूव्हीबी फारसे नसतात; सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणच ते शोषून घेतं. कमाटीबागेत पहाटे फिरून येणाऱ्या शेकडो लोकांना चालण्याचा फायदा नक्की होतो, ड जीवनसत्त्वाचा फार थोडा. खूण साधी आहे: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. बडोद्यात मे महिन्यात सकाळी साडेनऊलाच तशी सावली पडते, त्यामुळे दुपारच्या रखरखाटात जाण्याची गरज नाही आणि कोणी जाऊही नये. जानेवारीत मात्र चित्र उलटं होतं. तेव्हा इथे सूर्य सर्वांत उंच येतो तो भारतीय घड्याळाच्या साडेबारानंतर. उत्तरायणाच्या दिवशी तर पाऊणच्या सुमारास. गच्चीवर पतंग उडवणाऱ्याची सावली त्याच्याहून आखूड होते ती त्या वेळच्या आसपासच. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा बराच जास्त वेळ ऊन लागतं, आणि एका दिवसाच्या उन्हाने महिन्याचा साठा होत नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जादा तयार झालेलं स्वतःच मोडून टाकते. म्हणूनच उन्हाने ड जीवनसत्त्वाची विषबाधा कधी होत नाही.

गोळ्यांनी आणि सुयांनी ती होते. आपल्याकडे 'एकदाच सुई टोचा, वर्षभर काळजी नाही' याचं आकर्षण फार. तीन लाख, सहा लाख युनिटची इंजेक्शनं बाजारात आहेत. श्रीनगरच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांना ही इंजेक्शनं वारंवार दिली गेली होती. रक्तातलं कॅल्शियम भडकलं, उलट्या झाल्या, भान हरपलं, मूत्रपिंडांवर ताण आला. साठ हजारांचं आठवड्याचं पाकीट गैरसमजाने रोज घेतलं गेलं तरी काही आठवड्यांत तेच होऊ शकतं. चिठ्ठीवर नुसतं 'डी थ्री, आठ' असं लिहिणं धोक्याचं आहे. 'दर रविवारी एक' असं वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं जावं. एकरकमी मात्रेविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा ऑस्ट्रेलियातला. सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर तिथे चाचणी झाली, त्यातल्या निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले. हाडं वाचावीत हा हेतू होता. २०१० मध्ये निकाल आला तो असा की मात्रा घेतलेल्या स्त्रिया इतरांपेक्षा १५ टक्के अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडं २६ टक्के अधिक वेळा मोडली. त्यांच्या रक्तातला आकडा मात्र उत्तम वाढला होता.

छोटी मात्रा, रोज किंवा आठवड्याला, योग्य माणसाला दिली तर काय साधतं, हेही आपल्याच देशात तपासलेलं आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात जन्मलेल्या, वजनाने कमी असलेल्या २,०७९ बाळांवर ही चाचणी झाली. एका गटाला सहा महिने दर आठवड्याला १,४०० युनिट दिले, म्हणजे रोजचे अवघे दोनशे. मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण बाळांची उंची आणि वजन इतरांपेक्षा चांगलं वाढलं. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हे प्रसिद्ध केलं.

दुधातून काही प्रमाणात मदत होऊ शकते, पण फार नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे जीवनसत्त्वयुक्त दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट असतात. एका पेल्यात पन्नास ते पंचाहत्तर. वरच्या हिशेबाने रोजच्या एका पेल्याने पातळी अर्ध्या-पाऊण नॅनोग्रॅमने वाढेल. संपूर्ण लोकसंख्येसाठी हे पाऊल योग्यच आहे, पण एखाद्या कमतरतेच्या गरोदर बाईचं काम त्याने भागणार नाही. तिच्यासाठी सरकारची योजना आहेच: २०१४ पासूनच्या राष्ट्रीय सूचनांनुसार चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. या गोळ्या खरोखर हातात पडतात का आणि पोटात जातात का, ही विचारणा आई-बाळाच्या तपासणीच्या प्रत्येक ममता दिवसाला व्हायला हवी.

बाळासाठी मात्र अशी व्यवस्था उभी राहिलेली नाही. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार थोडं असतं, आणि आईच कमतरतेची असेल तर त्याहून कमी. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब सुचवते. खासगी दवाखान्यात जाणाऱ्या घरांत ती बाटली असते. सरकारी सयाजी रुग्णालयातून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी परतणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कपड्यांच्या पिशवीतही ती असायला हवी. रक्त तपासण्याची त्यासाठी गरज नाही. ४०० युनिटने कुठल्याही बाळाला अपाय होत नाही. नवजात बाळाच्या काळजीसाठी आशा कार्यकर्त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातातच. पहिल्या भेटीत बाटली द्यायची, ड्रॉपर किती भरायचा ते आईला आणि आजीला दाखवायचं, पुढच्या पाच भेटींत बाटली किती रिकामी झाली ते पाहायचं. महापालिका आणि जिल्हा आरोग्य विभागाने ठरवलं तर हे या वर्षीच्या अंदाजपत्रकात बसू शकतं. निरोगी कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीतून ड जीवनसत्त्वाची ओळ काढून टाकली, तर त्यातला काही खर्च तिथूनच निघेल.